चिखलदऱ्यात उन्हाळ्यापुरतं घर घ्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं निवृत्त, नागपुरात राहतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, तर रात्रीही भिंती तापलेल्याच असतात. कूलरची टाकी सारखी भरत बसायची, सकाळी नऊनंतर दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे मला फार काळजी वाटते.

चिखलदऱ्याला एक छोटं घर विकाऊ आहे. उंची हजार मीटरच्या वर, संध्याकाळी गच्चीवर बसता येतं. एवढ्यानंच यांचं मन तिथं गुंतलंय. माझं मन मात्र पावसाळ्यात अडकतं. घर बंद राहिलं की गाद्यांना बुरशी, कपाटाची दारं फुगलेली, कौलातून गळती. आधी पाहिलेल्या एका बंद घरात भिंतीला हात लावला तर पोपडे हातात आले. शिवाय रात्री छातीत दुखलं तर घाट उतरून परतवाडा गाठायचं, मोठ्या इलाजाला अमरावती. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आयकरात दोन घरं स्वतःच्या वापराची दाखवता येतात, तेव्हा तिकडची चिंता नाही. पण दोन-अडीच महिन्यांसाठी आयुष्यभराची पुंजी अडकवावी, की दरवर्षी भाड्यानं घर घ्यावं?

कुणी असं दुसरं घर सांभाळलंय का? पावसाळ्यात देखरेखीला माणूस मिळतो का, त्याला काय द्यावं लागतं? आणि तिथली जमीन घेताना कोणते कागद आवर्जून तपासावेत?