अक्कलदाढ काढल्यानंतरचे दिवस : अनुभव

अक्कलदाढ काढून घ्यावी की नाही यावर बोलणारे पुष्कळ भेटतात, पण काढून झाल्यानंतरच्या पंधरवड्याविषयी ‘थोडे दुखेल, मऊ खा’ यापलीकडे फारसे कोणी सांगत नाही. ज्यांची दाढ काढून झाली आहे त्यांनी ती कसर इथे भरून काढावी. दाढ वरची होती की खालची, सरळ आलेली होती की हाडात अडकलेली, हे आवर्जून लिहावे. चिमट्याने काही मिनिटांत निघालेली दाढ आणि हिरडी उघडून, हाड कोरून, तुकडे करून काढलेली दाढ यांत मोठे अंतर असते, आणि एकाचे ऐकून दुसरा उगाच घाबरतो किंवा उगाच निर्धास्त राहतो.

*

माझी खालची उजवी दाढ शेजारच्या दाढेला टेकून आडवी वाढली होती. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते हे सर्जननी आधीच सांगून ठेवले होते, म्हणून बरे झाले. एरवी पहिल्या संध्याकाळी बरा दिसणारा गाल तिसऱ्या सकाळी टम्म फुगलेला पाहून काहीतरी बिघडले असेच मी धरून चाललो असतो. पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे गालावर धरायचा आणि तेवढाच वेळ बाजूला ठेवायचा, हा क्रम चालू होता. पुढे सूज ओसरली तसा गालाखाली आणि मानेवर हिरवट-पिवळा डाग उतरला. दिसायला भयंकर, पण दुखायला काहीच नाही.

खरा त्रास झाला तो तोंड न उघडण्याचा. चावण्याचे स्नायू आखडतात आणि दातांच्या मधून एक बोट जेमतेम आत जाते. जांभई आली की पाणी यायचे डोळ्यांत. सूज उतरल्यावर बाहेरून कोमट शेक घेणे आणि दिवसातून काही वेळा, कळ येईल तिथे थांबत, जबडा हळूहळू उघडणे याने तो सुटला. लहान मुलांचा दात घासायचा ब्रश आधीच आणून ठेवावा, कारण मोठा ब्रश मागच्या दातांपर्यंत पोहोचतच नाही.

*

माझी वरची दाढ होती. टाकाही लागला नाही आणि दुखलेही नगण्य. मात्र वरच्या दाढांची मुळे सायनसच्या तळाला अगदी लगटून असतात, (सायनस म्हणजे नाकाशी जोडलेली, गालाच्या हाडातील हवेची पोकळी) त्यामुळे दोन आठवडे नाक शिंकरायचे नाही आणि शिंक आली तर ती दाबून न धरता तोंड उघडे ठेवून द्यायची, अशी ताकीद मिळाली होती. पाणी पिताना ते नाकातून आले तर ताबडतोब कळवा, असेही बजावले होते. तसे काही झाले नाही.

*

मला ड्राय सॉकेट झाले होते, म्हणजे दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून जाऊन हाड उघडे पडले होते, आणि तेही सर्व सूचना पाळून. पहिले चोवीस तास जोराने चूळ भरली नाही, थुंकले नाही, स्ट्रॉने काही प्यायले नाही, धूम्रपानाचा तर प्रश्नच नव्हता. दोन दिवस दुखणे कमी होत गेले आणि चौथ्या दिवशी ते उलटले. हा ठणका दाढेच्या जागी थांबत नाही. तो कानात शिरतो, कानशिलापर्यंत चढतो आणि वेदनाशामक गोळीला फारशी दाद देत नाही. तोंडाला घाण चव होती. विजेरी धरून आरशात पाहिले तर खड्ड्यात रक्ताची गडद गुठळी नव्हती, तळाशी हाड उघडे दिसत होते.

इथे एक फरक सांगितला पाहिजे. खड्ड्यावर पिवळट-पांढरा मऊ थर दिसला की पुष्कळजण तो पू समजून घाबरतात, पण तो बहुधा जखम भरून येतानाचा नेहमीचा थर असतो आणि तो खरवडून काढू नये. पाहायचे ते दुखण्याची दिशा. तिसऱ्या दिवसानंतर ते रोज थोडे उतरायला हवे. चढू लागले, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर थांबण्यात अर्थ नाही. माझा खड्डा सलाइनने धुऊन त्यात औषधाची पट्टी भरली. लवंगेच्या तेलाचा तो उग्र वास नाकात बसला, पण खुर्चीतून उठेपर्यंत ठणका निम्म्यावर आला होता. पट्टी एक-दोनदा बदलावी लागली. ‘तुम्हीच काहीतरी केले असणार’ असे म्हणणारे घरोघरी असतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

*

मी आईच्या शुश्रूषेचा अनुभव लिहितो. ती रक्त पातळ करणारी गोळी घेते. ती आपल्या मनाने बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांशी दंतवैद्यांनी आधी बोलायचे, हे ठरले होते. घरी आल्यावर रक्त झिरपत होते, तेव्हा ओल्या गॉझची घट्ट घडी नेमकी खड्ड्यावर ठेवून तिला अर्धा तास न बोलता चावून धरायला सांगितले आणि मधे उचलून पाहिले नाही. लाळ दुसऱ्या दिवशीही गुलाबी होती. थोडेसे रक्त भरपूर लाळेत मिसळले की ते फार वाटते. वेदनाशामक गोळी भूल उतरण्यापूर्वीच दिली. अनेकांना आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र देतात आणि त्याचा गुण चांगला येतो, परंतु तिच्या रक्ताच्या गोळीबरोबर आयबुप्रोफेन चालत नाही म्हणून तिला फक्त पॅरासिटामॉल होते.

*

वर कोणी लिहिले नाही म्हणून बधिरपणाविषयी लिहिते. माझ्या खालच्या दाढेची मुळे जबड्यातील नसेच्या नळीला खेटून होती. एक्स-रेवर ते दिसल्याने सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढून पाहिले गेले आणि धोका मला आधीच समजावून सांगितला होता. भूल उतरून गेली तरी खालचा ओठ आणि हनुवटीची डावी बाजू परतली नाही. ओठ हलतो, हसू सरळ येते, केवळ स्पर्श कळत नाही. पाणी हनुवटीवर ओघळलेले समोरच्याने सांगावे लागते. डॉक्टरांनी कापसाच्या टोकाने स्पर्श करत बधिर भागाची कड पेनाने आखली आणि तिचा फोटो ठेवला, म्हणजे पुढच्या खेपेला ती किती आत सरकली हे कळेल. नस ताणली किंवा दबली गेली असेल तर बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत परत येते असे त्यांनी सांगितले. सध्या तिथे मुंग्या येतात आणि मधूनच विजेसारखी सळक जाते, जे सुधारणेचे लक्षण मानतात. गरम पेय मी उजव्या बाजूने, आधी बोटाने अंदाज घेऊन पिते. पुढच्या तपासणीत ती कड कुठे आहे ते कळले की इथेच लिहीन.