अनुभव धागा : चार माणसं आपल्यावर सोपवली जातात तेव्हा

पद असो वा नसो, घरात, कामावर, मंडळीत म्हणजे चर्चमध्ये, कुठे ना कुठे चार माणसं आपल्यावर सोपवलेली असतातच. येशूच्या बारा शिष्यांपैकी याकोब आणि योहान या भावांनी येशूकडे त्याच्या गौरवात उजव्या-डाव्या बाजूच्या मानाच्या जागा मागितल्या, तेव्हा बाकीचे दहा जण त्यांच्यावर चिडले (बायबल, मार्कचं शुभवर्तमान, अध्याय १०). मला वाटतं, त्या दहांच्याही मनात त्याच जागा असाव्यात. येशूने बाराही जणांना जवळ बोलावलं आणि सांगितलं, ज्याला मोठं व्हायचंय त्याने सेवक व्हावं. ही शिकवण तुमच्या रोजच्या जगण्यात कधी उतरली? वचन आपल्याला पाठ आहे, प्रसंग सांगा.

* * *

मी वॉर्डची इन्चार्ज आहे. एका सहकारी सिस्टरने माझ्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. चौकशीत काही निघालं नाही, पण ते दिवस फार जड गेले. पुढे महिन्याचा ड्युटी चार्ट लावायची वेळ आली आणि तिचा अर्ज आला : मुलीची परीक्षा आहे, तेवढे दिवस नाईट नको. नियमावर बोट ठेवून नाही म्हणता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

त्याच आठवड्यात योहानाच्या शुभवर्तमानाचा १३ वा अध्याय वाचनात होता. येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. आजवर मी तिथे पेत्राकडेच पाहत आले होते, कारण तो नको नको म्हणतो. या वेळी लक्ष यहूदाकडे गेलं, येशूला शत्रूंच्या हाती धरून देणाऱ्या शिष्याकडे. तो उठून बाहेर जातो ते नंतर, ३० व्या वचनात. म्हणजे पाय धुतले जात होते तेव्हा तो तिथेच होता. आणि तो आपल्याला धरून देणार हे येशूला माहीत होतं, ते ११ व्या वचनात स्पष्ट लिहिलंय.

मी अर्ज मंजूर केला, इतर कुणाचाही केला असता तसाच. त्याच महिन्यात औषधांच्या रजिस्टरमध्ये तिच्या नोंदी अपुऱ्या निघाल्या, तेव्हा तेही तिला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. पाय धुणं म्हणजे चुका झाकणं नव्हे, हे मला ठामपणे वाटतं. तिचं-माझं आजही कामापुरतंच बोलणं आहे. पण चार्ट लावताना माझा हात आता जड होत नाही.

* * *

वडील अंथरुणाला खिळले तेव्हा सगळं ताई एकटी ओढत होती. औषधं, रात्रीचं जागरण, बँकेची कामं. आम्ही भावंडं विचारायचो, ती म्हणायची, मी बघते. शेवटी शेजारच्या काकूंनी तिला सुनावलं, "तू पडलीस तर यांचं कोण करणार?" काकू आमच्या मंडळीतल्या नाहीत. निर्गमच्या १८ व्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसतो, तेव्हा त्याला थांबवणारा त्याचा सासरा इथ्रोही मिद्यानाचा याजक होता, इस्राएली नव्हता. तो सांगतो, अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, कठीण तेवढं तुझ्याकडे येऊ दे.

ताईने ऐकलं. मला रात्र मिळाली, धाकट्याला बँक. त्या रात्रींमध्ये वडील माझ्याशी जेवढं बोलले तेवढं आयुष्यात कधी बोलले नव्हते. ताईने काम वाटलं म्हणून ते मला मिळालं.

* * *

मी बांधकामावर सुपरवायझर आहे. द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (मत्तय २०) मला पूर्ण पचलेला नाही. त्यातल्या धन्यासारखी तासाभरासाठी आलेल्याला दिवसभराची मजुरी मी देऊ शकत नाही, हिशेब माझ्या हातात नसतो. पण संध्याकाळपर्यंत उभी असलेली माणसं धन्याला काय उत्तर देतात पाहा : आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. आमच्याकडे एका वयस्क गवंड्याला कुठलीच टोळी घ्यायची नाही, हात मंद झालाय म्हणून. त्याला मी भिंतींचा ओळंबा तपासायला दिला. नजर अजून पक्की आहे त्याची.

* * *

माझं काम अहवाल लिहिण्याचं. नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमची पडलेली भिंत पुन्हा बांधल्याची हकीकत आहे. त्याचा ३ रा अध्याय मी नेहमी चाळून पुढे जायचे, नुसती नावं म्हणून. एकदा सावकाश वाचला. यरुशलेमच्या भिंतीवर सोनार राबतोय, सुगंधी द्रव्यं बनवणारा राबतोय, शल्लूम आपल्या मुलींना घेऊन राबतोय. तकोवा गावच्या प्रतिष्ठितांनी या कामाला मान वाकवली नाही, तीही नोंद आहे. आणि त्याच तकोवाच्या लोकांनी पुढे आणखी एक भाग बांधला, तीसुद्धा! ५२ दिवसांत भिंत पुरी झाली हे सगळे सांगतात, मला ही नोंदवही जास्त मोलाची वाटते. आता कार्यक्रमाच्या अहवालात खुर्च्या लावणाऱ्यांचीही नावं घालते. लांबतो म्हणून तक्रार येते. येऊ दे.

* * *

तरुण संघाचं शिबिर अर्ध्यावर सोडून गेलेल्या मुलाला पुन्हा जबाबदारी द्यायची नाही, असं कमिटीत ठरत होतं. मी त्याला माझ्या हाताखाली मागून घेतलं. पौल आणि बर्णबा हे येशूचा संदेश सांगत फिरत, तेव्हा त्यांचा तरुण सोबती मार्कही प्रवास अर्ध्यावर सोडून पंफुल्या प्रांतातून परतला होता. पुढे त्याला पुन्हा सोबत न्यावं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांचं इतकं बिनसलं की ते वेगळे झाले, आणि बर्णबा त्याला घेऊन कुप्र बेटावर गेला. पुढे तोच पौल आपला सहकारी तीमथ्य याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे.

* * *

वरच्या अनुभवावर एक शंका. पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात मार्क हा बर्णबाचा नातलग असल्याचं लिहिलंय. आपल्या माणसाला दुसरी संधी देणं सोपंच की!

* * *

शंका रास्त आहे. पण प्रेषितांची कृत्ये ९ पाहा. पौल आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा, म्हणून यरुशलेमेतले शिष्य त्याला घाबरून जवळ करत नव्हते, तेव्हा त्याचा हात धरून प्रेषितांकडे नेणाराही बर्णबाच होता. तिथे नात्याचा उल्लेख नाही. आणि आमचा हा मुलगा माझ्या कुणीच नात्यातला नाही. यंदा शिबिराची यादी तोच करतोय, आणि गेल्या वेळी मधूनच गेलेल्या दोघांना त्याने स्वतः फोन केलेत.