अनुदानातून यंत्र घ्यायचं की ते चालवणारे हात?

हिशेबनीस_दादर
महाविद्यालयांचे विद्यार्थी-प्रकल्पांचे प्रस्ताव उघडा, ‘उपकरणे’ हा हेड (खर्चाचं खातं) सगळ्यांत जाड दिसेल. देखभाल शून्य, मानधन शून्य. मग थ्रीडी प्रिंटर येतो, फीत कापली जाते, जडसंग्रह नोंदवहीत नंबर पडतो आणि जुलैत तो बंद. कारण साधं आहे. छपाईला लागणाऱ्या पीएलए प्लॅस्टिकच्या तारेची, म्हणजे फिलॅमेंटची, रिळं उघडी पडलेली असतात आणि मुंबईच्या पावसाळी हवेत फिलॅमेंट ओल धरतं. वितळलेलं प्लॅस्टिक जिथून बाहेर येतं त्या नोझलमधून फटफट आवाज येतो, छपाईत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघतात, शेवटी ०.४ मिमीचं पितळी नोझल तुंबतं. उपाय म्हणजे रीळ ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास सुकवायचं आणि सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवायचं. खर्च किरकोळ, पण हे करणारा माणूस कोणाच्याच हेडमध्ये बसत नाही.

माझी मागणी : ३ लाखांच्या प्रकल्पात उपकरणांना १,८०,००० ची कमाल मर्यादा घाला. उरलेल्या १,२०,००० मधून यंत्र सांभाळायला दोन विद्यार्थी सहायक, आठवड्याला प्रत्येकी १० तास, ३० आठवडे, म्हणजे ६०० तास. तासाला १०० रुपये धरले तर ६०,०००. बाकी कच्चा माल २५,०००, दुरुस्ती २५,०००, यूपीएसची बॅटरी वगैरे १०,०००.

लेखापाल_४२
कागदावर छान. लेखापरीक्षणात मार खाईल. यंत्राला नंबर असतो, ते जागेवर जाऊन बघता येतं. ६०० तास कुठे जाऊन बघायचे? मानधनाचा हेड उघडला की विभागप्रमुखांच्या मर्जीतली दोन पोरं रजिस्टरवर सह्या करतात आणि प्रयोगशाळेला कुलूप ते कुलूपच.

शिवाय अनुदानाचा दुसरा हप्ता पहिल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्चले या दाखल्यावर येतो. केंद्राच्या पैशाला त्याचा ठरलेला नमुना जीएफआर १२-ए लागतो, वर बँकेत साचलेलं व्याजसुद्धा परत करायचं असतं. मंजुरी डिसेंबरात आली तर ३१ मार्चपर्यंत ३० आठवड्यांचं मानधन वाटणार कसं? यंत्र एका बिलात संपतं. म्हणून लोक यंत्र घेतात. त्यांना अक्कल नाही म्हणून नव्हे.

हिशेबनीस_दादर
@लेखापाल_४२ मार्चएंडचा मुद्दा मान्य, तो खराच अडतो. तास मात्र तपासता येतात. बऱ्याच प्रिंटरच्या मेनूत एकूण छपाईचे तास दिसतात. महिनाअखेरीस त्या आकड्याचा फोटो काढा आणि रजिस्टरशेजारी लावा. ८० तासांच्या सह्या आणि मशीनवर ९ तास, असं निघालं तर बिल थांबवा. आणि ‘यंत्र बघता येतं’ म्हणताय, तर खरेदीची फाईलही बघा. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातली तीन दरपत्रकं, तिन्हींत ‘वॉरंटी’ची एकच चुकीची स्पेलिंग! तुलनात्मक तक्ता मात्र चकाचक. चोरी करणाऱ्याला हेडची अडचण नसते.

सीएसआर_वाली
दोघेही शासनाच्याच पैशाबद्दल बोलताय. कंपनीच्या सीएसआर पैशाला, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीला, मार्चएंड तितका आडवा येत नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ : प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणजे एका वर्षापुढे चालणारा म्हणून मंजूर झाला असेल, तर त्याची अखर्चित रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात जाते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चता येते. प्रस्तावात ‘एकरकमी खरेदी’ लिहिलंत की ही वाट अवघड होते, म्हणून पहिल्याच पानावर वर्षनिहाय तक्ता द्या.

दुसरा गैरसमज ५ टक्क्यांचा. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा आणि त्यावर देखरेख ठेवण्याचा खर्च त्यात मोजत नाहीत. तेव्हा विद्यार्थी सहायकांचं मानधन ‘ओव्हरहेड’ या नावाखाली ढकलू नका, ‘अंमलबजावणी’त दाखवा. पैसे थेट संस्थेच्या खात्यात घ्यायचे असतील तर आधी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेण्यासाठीची) झाली आहे ना, ते बघा. ऐनवेळी तिथेच गाडी अडते.

लेखापाल_४२
@सीएसआर_वाली ही माहिती कामाची. पण तीन वर्षांनंतर काय? पैसा संपला की सहायक गेले आणि मशीन तिथंच. मी म्हणतो, मानधनाला अनुदानात हात घालूच नका. ‘कमवा आणि शिका’ योजना आहे ना, त्यातली मुलं प्रयोगशाळेला जोडा. अनुदानातून यंत्र घ्या, पण खरेदी आदेशातच तीन वर्षांची सर्वसमावेशक एएमसी (वार्षिक देखभाल करार) बांधा. एकच बिल, एकच हेड, भांडण संपलं.

बदलापूर_स्लो
एएमसीवाला रीळ सुकवायला येणार नाही हो. आणि ‘सर्वसमावेशक’मधून नोझल, बेल्ट ‘झिजणारे भाग’ म्हणून वगळलेले असतात, खालची बारीक अक्षरं वाचा.

पण मला प्रश्नच वेगळा दिसतो. प्रयोगशाळा १० ते ५ उघडी. मुलं बदलापूर, विरारहून येतात, त्याच वेळेत लेक्चरं आणि डोक्यावर ७५ टक्के हजेरी. मशीन चालू असून वापरणार कधी? सकाळी ७ ते ९ उघडायची तर शिपाई त्या वेळेला हवा, त्याचा हेड कोणता? उलटं उदाहरण घ्या : दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठीही वाचतो. तिथे महागडा परवाना घेण्यात अर्थ नाही. खरा खर्च पुस्तकं स्कॅन करून ओळीन्‌ओळ तपासण्याचा. स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआर सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं आणि रफार हमखास फुटतात, ‘कार्य’चं ‘काय’ होतं. ते माणूसच दुरुस्त करणार, यंत्र नाही.

लेखापाल_४२
स्कॅनिंगचं पटलं. तिथे पानाला दर ठरवता येतो आणि तपासलेली पानं मोजताही येतात. तेवढ्यापुरतं मानधन मान्य. तासावर मात्र नाही.

हिशेबनीस_दादर
पानावर दर लावलात तर पोरं सोपी पानं आधी उचलतील. तक्ते आणि गणितं तशीच राहतील. दोन दर ठेवा : साधं पान आणि तक्त्याचं पान.