घरच्या बिअरला डेटॉलसारखा वास: दोष यीस्टचा की पाण्याचा?

भट्टीवाला
नमस्कार मंडळी. गेली चार वर्षे मी हौसेने घरी बिअर बनवतो. ओहायोत राहत होतो तोवर तक्रारीला जागा नव्हती, परंतु गेल्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला बिऱ्हाड हलवले आणि तेव्हापासून लागोपाठ तीन घाणे बिघडले. पाककृती तीच जुनी आहे: १९ लिटर पेल एल (फिकट रंगाची एक प्रकारची बिअर), अमेरिकन एल यीस्ट, १९ ते २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे किण्वन. घनता १.०५२ वरून १.०११ वर येऊन स्थिरावते, म्हणजे किण्वन पूर्ण होते. तरीही बाटल्या भरताना चव घेतली की जखमेवरच्या चिकटपट्टीचा वास थेट घशातून नाकात चढतो. सौभाग्यवतींच्या मते हा घोट म्हणजे इस्पितळाचा व्हरांडा आहे.

पाणी नळाचेच वापरतो, पण आदल्या रात्री उघड्या पातेल्यात भरून ठेवतो, जेणेकरून क्लोरीन उडून जावे. बादली आणि नळ्या ब्लीचच्या पाण्याने निर्जंतुक करून तीनदा नळाखाली विसळतो. बाहेरचे एखादे यीस्ट शिरले असेल का? आणि उरलेल्या अठ्ठेचाळीस बाटल्या काही महिने ठेवल्या तर वास जिरेल का?

मृण्मयी_ल
भट्टीवाले, आपल्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे. बिअर तीच, हात तोच, फक्त गाव बदलले. तेव्हा गावाबरोबर जे बदलले ते आधी तपासावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यात २००४ पासून साध्या क्लोरीनऐवजी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचे संयुग, असते. क्लोरीन रात्रभरात बऱ्यापैकी उडून जातो. क्लोरामाइन मात्र तसा उडत नाही, आणि उकळूनही लवकर जात नाही. नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत टिकून राहावा म्हणूनच तो वापरतात. जो टिकाऊपणा पाणीपुरवठ्याला हवा असतो, तोच नेमका आपल्याला नडतो.

धान्याच्या टरफलांतून आणि यीस्टकडून वॉर्टमध्ये, म्हणजे ज्याची बिअर होते त्या धान्याच्या गोड काढ्यात, फिनॉल नावाची संयुगे येतात. त्यांना क्लोरीन चिकटला की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि ते अब्जात काही भाग इतके असले तरी जिभेला कळतात. वासाला डेटॉलची उपमा आपल्याला सुचली हा योगायोग नव्हे, कारण डेटॉलमधील क्लोरोझायलेनॉल हाही याच कुळातला पदार्थ आहे.

उपाय स्वस्त आहे. मद्यनिर्मितीच्या दुकानात कॅम्पडेनची गोळी मिळते, म्हणजे सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. एक गोळी साधारण ७५ लिटर पाण्याला पुरते, म्हणून १९ लिटरला पाव गोळी चुरून ढवळावी. काही मिनिटांत काम होते. धुण्यासाठी आणि भर घालण्यासाठी वापरायच्या पाण्यालाही हाच नियम लावावा, नाहीतर एका हाताने काढलेले दुसऱ्या हाताने परत घातल्यासारखे होईल.

बाटल्यांविषयी वाईट वाटते, पण हा वास मुरून जात नाही. त्या ओतून द्याव्यात.

कोथरूडकर
मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत काम करतो. मृण्मयीताईंच्या निदानाशी सहमत आहे, तथापि यीस्टचा संशय आकडे पाहून दूर करावा. बाहेरचे यीस्ट शिरले की बहुधा लवंगेचा वास येतो. जर्मनीतील बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरमध्ये तो मुद्दाम आणतात, पेल एलमध्ये तो खोट ठरतो. त्यातले काही वाण नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या शर्कराही खातात, त्यामुळे घनता आठवड्यागणिक खाली घसरत राहते आणि बाटली उघडताच कारंजे उडते. आपली घनता १.०११ वर थांबली आहे आणि वास लवंगेचा नाही, तेव्हा यीस्टला निर्दोष सोडायला हरकत नाही.

मला अधिक खटकते ते ब्लीच. प्लास्टिकच्या बादलीवर घासणीचे ओरखडे असतील तर त्यांत ते राहते, आणि तीनदा विसळताना आपण पुन्हा क्लोरामाइनचेच पाणी ओतता. विसळावे न लागणारे, फॉस्फरिक आम्लावर आधारित जंतुनाशक वापरावे. मात्र एकाच वेळी पाणी आणि जंतुनाशक दोन्ही बदलली, तर खरा गुन्हेगार कोण हे कधीच कळणार नाही. चार-चार लिटरचे तीन छोटे घाणे लावून पाहावेत.

भट्टीवाला
सहा आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. वॉर्ट तेच, यीस्ट तेच ठेवून तीन बरण्या केल्या. पहिलीत गोळी न घातलेले नळाचे पाणी आणि नवे जंतुनाशक. दुसरीत गोळी घातलेले पाणी आणि नवे जंतुनाशक. तिसरीत गोळी घातलेले पाणी, पण जुनी बादली आणि जुनी ब्लीचची रीत. पेल्यांखाली आकडे चिकटवून, कोणता कुठला हे न सांगता, सौभाग्यवतींपुढे ठेवले.

पहिला पेला नाकाशी नेताच त्यांनी बाजूला सारला. दुसरा निम्मा संपवला. तिसऱ्यावर बराच वेळ थबकल्या आणि म्हणाल्या, "हा व्हरांडा नाही, पण इस्पितळ दिसतंय लांबून."

म्हणजे मुख्य दोष पाण्याचा, आणि ब्लीचनेही थोडा हातभार लावला होता. बादली आतून उजेडात धरली तेव्हा तळाशी नखाने जाणवतील असे ओरखडे दिसले. ती आता बागेत माती कालवायला दिली आहे.

कोथरूडकर
नव्या बादलीला घासणी लावू नका. कोमट पाण्यात भिजवून मऊ फडक्याने पुसले की पुरते.