मागची सीट उचलली तेव्हा... (सेडानवाल्यांनी अनुभव लिहा)

नमस्कार मंडळी. आमची गाडी सेडान, म्हणजे मागे वेगळी डिक्की असलेली. जानेवारीत यावलकडे शेतात भरीत पार्टी होती. परतताना मागच्या सीटवरची दह्याची बरणी कलंडली, ते आम्हाला कळलं जळगावात घरासमोर उतरल्यावर. वरून पुसलं, कव्हर दोनदा धुतलं. पण मार्च लागला आणि आता दुपारी दार उघडलं की आंबूस वासाचा भपकारा येतो. गादी उचलून खालून साफ केल्याशिवाय हे जायचं नाही. दुमडायचा खटका कुठेच दिसेना. ओढायला गेले तर 'कट्' आवाज आला, हातच मागे घेतला. ज्यांनी उचलली, दुमडली किंवा मोडली, सगळ्यांनी लिहा.

धुळ्याहून
ताई, उचलणं वेगळं आणि दुमडणं वेगळं. डिझायर, अमेझसारख्या गाड्यांत मागच्या सीटची पाठ दुमडतच नाही, त्यामुळे खटका शोधू नका. बऱ्याच सेडानमध्ये सीटच्या पाठीच्या मागे बॉडीचा पत्रा किंवा आडव्या पट्ट्या असतात. सांगाडा पिळू नये म्हणून ती सोय.
बसायची गादी मात्र निघते. तिच्या पुढच्या कडेखाली दोन ठिकाणी जाड तारेची कडी प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये दाबून बसवलेली असते. दारापासून वीतभर आत बोटं घाला, कडी चाचपा आणि तिथेच सरळ वर हिसका द्या. आधी एक बाजू, मग दुसरी. तो 'कट्' क्लिप सुटल्याचाच. मधोमध धरून ओढलंत तर तार वाकते, माझी वाकली आहे. पुढची कड सुटली की गादी थोडी पुढे घ्या, म्हणजे मागचे हूक सुटतात. काही गाड्यांत मध्ये एक बोल्टही असतो. जोर लावूनही हलली नाही तर आधी तो बघा.

अमळनेरहून
मुलीचं कानातलं पडलं म्हणून गादी काढली. कानातलं सापडलं नाही. सापडलं ते उंदराचं घर. कपाशीचा पांढराशुभ्र कापूस, शेंगांची टरफलं, आणि मुलीच्याच पुस्तकाचं अर्धं पान! कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी महिनाभर शेतातल्या शेडमध्ये उभी होती, त्याचा हा प्रसाद. शेजारच्या वायरीचं वरचं वेष्टण कुरतडून आतलं तांबं दिसत होतं. आई म्हणाली, "गाडी तू लिधी आणि संसार त्यानी मांडा!" वायरीला टेप मारून घेतली, ते वेळेवर झालं म्हणायचं.

भुसावळहून
माझी गाडी मे महिन्यात भर उन्हात रस्त्यावर बंद पडली. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. मला वाटलं आता टाकी उतरवणार, दोन दिवस गेले. मिस्त्रीने मागची गादी उचलली, खाली एक गोल झाकण, त्याखाली पेट्रोलचा पंप! पुष्कळ पेट्रोल गाड्यांत तो तिथेच असतो. गॅरेजात तासाभरात बदलून झाला. म्हणून ताई, गादी काढल्यावर खाली पाण्याची बादली ओतू नका. ओल्या फडक्याने पुसा. आणि पिवळ्या वेष्टणाच्या वायरी दिसल्या तर हात लावू नका, त्या एअरबॅगच्या.

शिरपूरहून
दुमडणारी हवी तर माझी जुनी ऑक्टाव्हिया बघा. दिसायला सेडान, पण मागची काच डिक्कीच्या झाकणाबरोबरच वर जाते. आधी बसायची गादी मागून उचलून पुढच्या सीटमागे उभी करायची, मग पाठ खाली. आजोबांची बाज सुटी करून यातून आणली, चारही पाय आणि दोन्ही लांब ईस, म्हणजे बाजूच्या दांड्या, आत. एक चूक झाली. बांधलं नाही. पुढे म्हैस आडवी आली, ब्रेक दाबला आणि ईस सरकत येऊन गिअरपाशी थांबला. आता डिक्कीतल्या कड्यांना दोरी बांधल्याशिवाय निघत नाही. पाठ परत उभी केली की खटक्यापाशी लाल खूण दिसते का बघावं. दिसली तर पाठ नीट अडकलेली नाही.

रावेरहून
स्कोडा स्लाव्हिया या सेडानची पाठ ६०:४० अशा दोन भागांत दुमडते. डिक्की ५२१ लिटर, पाठ पाडली की १०५०. लिटरचं सोडा, केळीचे घड किती मावतात ते आमच्याकडे विचारतात. मी घातले नाहीत. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही, तो सीटवरून काय जाणार?

नंदुरबारहून
सगळे काढायचं सांगताहेत, बसवायचं कोणी सांगेना. आम्ही गादी दणक्यात बसवली, क्लिपा वाजल्या, खूश. सप्तशृंगीला जाताना सासूबाईंना पट्टा लावायला गेले तर त्याचं टोक अडकवायची खालची कुपी गायब! तिन्ही गादीखाली दबलेल्या. वाटेत चहाच्या टपरीपाशी सीट पुन्हा उपटली, बघायला अर्धा गाव. गादी टेकवायच्या आधी कुप्या वर काढून धरा, एकाने धरायच्या आणि दुसऱ्याने दाबायचं.

जळगावहून, पुन्हा मीच
निघाली! धुळ्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे, एक बाजू, मग दुसरी. खालच्या फोमवर दह्याची पिवळट साय वाळून चिकटली होती, ताटाएवढी. सोडा घातलेल्या पाण्याने फोम दाबून दाबून धुतला. आता गच्चीवर उन्हात उभा आहे, घरचे विचारतात पापड का नाही घातले शेजारी. एक क्लिप मात्र मोडली. तेवढी वेगळी मिळते का, की पूर्ण संच घ्यावा लागतो?