मदत हवी आहे: आइसलँडचं पंक (रांगडं, बंडखोर रॉक संगीत) कुठून ऐकायला सुरुवात करू?

तिथली गायिका ब्यर्क आणि तिचा जुना बँड शुगरक्यूब्स बरेच ऐकून झालेत. आता त्यांच्या मागे कोण होतं ते शोधतोय. रेक्याविकशेजारच्या कोपावोगुर गावात 1978 साली कॉलेजच्या पोरांनी सुरू केलेला 'फ्राइब्ब्लार्निर' हा तिथला पहिला पंक बँड मानतात, इथपर्यंत पोहोचलो. पण पुढचा धागा नीट लागत नाहीये.

'पुर्कुर पिल्निक' हा बँड 1981 मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी संपलासुद्धा. त्यातला गायक एइनार ओर्न आणि बेस वाजवणारा ब्रागी ओलाफसन पुढे शुगरक्यूब्समध्ये दिसतात (ब्रागी नंतर चक्क कादंबरीकार झाला!). या दोन्हींच्या मधल्या 'कुक्ल' बँडमध्ये एइनार आणि ब्यर्क एकत्र, आणि त्यांचे अल्बम इंग्लंडच्या 'क्रास' या कट्टर पंक मंडळींच्या लेबलवर. म्हणजे शुगरक्यूब्सच्या 'बर्थडे' गाण्यातला तो विचित्र, अंगावर येणारा आवाज आकाशातून पडलेला नव्हता. पण फ्राइब्ब्लार्निरची छाप या सगळ्यात नेमकी कुठे ऐकू येते? की त्यांनी फक्त दार उघडून दिलं?

जाणकारांनी सांगावं, फ्राइब्ब्लार्निरचा कोणता अल्बम आधी ऐकू? 'रोक इ रेक्याविक' हा 1982 चा माहितीपट इंग्रजी सबटायटल्ससह कुठे मिळेल? आणि रेक्याविकच्या बांकास्त्राइती रस्त्यावरचं, जुन्या सार्वजनिक शौचालयातलं पंक म्युझियम कुणी पाहिलंय का? तिथे जुनी गाणी हेडफोन लावून ऐकता येतात म्हणे. त्यासाठी किती वेळ हाताशी ठेवावा? युट्यूबच्या लिंक असतील तर बिनधास्त टाका, आइसलँडिक कळत नसलं तरी चालेल.