आजोळ ग्रुप : आजी जी दोन पानं एकदम उलटायची

अरुणमामा: आईच्या कपाटातला अल्बम एकदाचा पूर्ण झाला. १४३ फोटो. १९५६ च्या लग्नापासून ते १९७९ ला वाडा सोडला तिथपर्यंत. क्वालिटी जाऊ नये म्हणून डॉक्युमेंट करून टाकलेत. काळी पानं इतकी ठिसूळ झालीत की हात लावला तरी कडा सुटतात.

कुंदामावशी: अरुण, डोळे भरून आले रे. अण्णांचा सायकलवरचा फोटो किती वर्षांनी बघितला.

चिन्मय: मामा, मोठं काम केलंत. ८७ नंबरमधलं टोपडं घालून झोपलेलं बाळ कोण आहे? मी अ‍ॅपमध्ये टाकून रंगीत आणि हलता केलाय. बघा, डोळे उघडून हसतंय.

कुंदामावशी: अगंबाई, किती गोड! आपल्यातलंच ना कोणीतरी?

ऋतुजा: मी स्टेटसला ठेवला पण 😍

सुधाताई: चिन्मय, तो व्हिडिओ आधी काढ. ऋतुजा, तूही. कुंदा, ती आपली ताई आहे. शकू. माझ्या आधीची. १९६० साली दोन वर्षांची असताना घटसर्पानं गेली. बाळ झोपलेलं नाही. तो फोटो त्या दिवशी सकाळी स्टुडिओवाल्याला घरी बोलावून काढलाय. तिचा दुसरा एकही फोटो नाही.

(हा मेसेज दुपारी ३ चा. पुढचा संध्याकाळी ६ ला आला.)

चिन्मय: मावशी, मला खरंच माहीत नव्हतं. काढलाय. मनापासून माफी मागतो.

ऋतुजा: मीही काढला. ४१ जणांनी बघून झाला होता.

कुंदामावशी: मला सख्खी मोठी बहीण होती आणि ते मला साठीत, मोबाईलवर कळतंय. सुधाताई, तुला माहीत होतं?

सुधाताई: मोठ्या आजीनं सांगितलं होतं, माझ्या लग्नाच्या आधी. आईपुढे विषय काढायचा नाही, असं बजावून.

मेघना: मी जरा सविस्तर लिहिते. मामा, राग मानू नका.
आपण सगळी नातवंडं मे महिन्यात दुपारी आजीभोवती बसायचो, आठवतंय? अल्बम जुनेरात गुंडाळलेला असायचा. ती गाठ सोडायची, हात पदराला पुसायची आणि बटर पेपर एकेक करून उचलायची. “फोटोला बोट लावू नका, ठसा उठतो.” अण्णांच्या नोकरीच्या फोटोनंतर ती दोन पानं एकदम उलटायची. दरवेळी. मला वाटायचं, ती पानं चिकटलीत. काल कळलं की त्या पानांत ८७ नंबर होता.
तो अल्बम कुणाला दाखवायचा, किती दाखवायचा, कुठल्या फोटोपाशी काय सांगायचं, हे सगळं आजीच्या हातात होतं. ते आपण एका दुपारीत २३ फोनांवर वाटून टाकलं. प्रत्येकाचा बॅकअप वेगळा. काल रात्री माझ्या फोननं शकूमावशीचा चेहरा आणि माझ्या ओवीचा चेहरा शेजारी शेजारी दाखवून विचारलं, ही एकच व्यक्ती आहे का? ओवी दोन वर्षांची आहे. मी फोन उलटा ठेवून बराच वेळ तिच्याजवळ बसून होते.

अरुणमामा: राग नाही गं. पण मग करायचं काय? ही पानं अजून दहा वर्षं टिकणार नाहीत. स्कॅन केलं नसतं तर कुंदाला कधीच कळलं नसतं. घरच्या माणसांपासून काय लपवायचं?

मेघना: स्कॅन कराच मामा. फक्त आजीला कुणी विचारलं का?

अरुणमामा: नाही. ती झोपली असताना कपाटातून काढला.

प्रसादकाका: वकील म्हणून एवढंच सांगतो. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हा नऊ न्यायमूर्तींचा निकाल २४ ऑगस्ट २०१७ चा. पण डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा घरगुती वापराला लागूच होत नाही. म्हणजे मावशीनं भाचीचा फोटो ग्रुपवर टाकला तर कायदा मध्ये पडत नाही. ते आपलं आपणच ठरवायचं.

चिन्मय: आता काम सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ साधारण अडीच दिवसच चालतं, म्हणून मामा, ८७ आजच काढा. ज्यांनी सेव्ह केलाय किंवा पुढे पाठवलाय त्यांच्याकडे तो राहतो, तेव्हा प्रत्येकानं आपल्या गॅलरीतून काढा. गुगल फोटोजवर बॅकअप झाला असेल तर ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर तिथे ६० दिवस पडून राहतो. मी ज्या अ‍ॅपवर टाकला त्यांच्या सर्व्हरवरून काढायची विनंती पाठवली आहे. ते खरंच काढतील की नाही, माझ्या हातात नाही.
मेघनाताई, तू ओवीचे फोटो डॉक्युमेंट करून पाठवतेस ना? त्यात क्वालिटीबरोबर फोटो कुठे काढला ते ठिकाणही जातं, लोकेशन चालू असेल तर. साधा फोटो म्हणून पाठवला तर जात नाही.

मेघना: पाळणाघरातले सगळे तसेच पाठवलेत. आजपासून बंद. आणि ओवीचे अंघोळीचे फोटो ज्यांच्याकडे असतील त्यांनी कृपया काढा. मीच टाकले होते, चूक माझी. मोठी झाल्यावर ते तिला चालतील की नाही, हे तिला विचारायची सोय आज नाही.

कुंदामावशी: काढले सगळे. एक मात्र सांगते, शकूताईचा फोटो मी एकदा नीट बघितला. तो हक्क मला हवा होता.

अरुणमामा: आत्ता आईजवळ बसून आलो. सगळं सांगितलं. चिन्मयचा व्हिडिओ तिनं आधीच पाहिला होता, कामवाल्या ताईंनी उघडून दिला होता. ती म्हणाली, तसंच लिहितो: “फोटो असू दे. पोरांना तिचं नाव सांगा, मी सांगायला हवं होतं. पण ते डोळे तिचे नव्हेत. यंत्रानं काळे केले. शकूचे घारे होते, अण्णांसारखे.”

चिन्मय: 🙏

सुधाताई: घारे होते हे मलाही आजच कळलं.

अरुणमामा: ८७ काढला. आई विचारते आहे, मूळ फोटो परत जागेवर लावला का. काढताना फोटो अडकवायचे दोन कोपरे तुटले. खळ लावू का?

सुधाताई: खळ नको, झुरळं येतात. काळ्या कार्डशीटचे कोपरे कापून लाव. माझ्याकडे आहे, उद्या सकाळी येते. अल्बम आईच्या हातात दे, पान तिलाच काढू दे.